हलक्या टूरिंग बाइंडिंगसाठी ॲडजस्टमेंट प्लेट: कोणती घ्यावी, कशी बसवावी

टूरिंग म्हणजे स्की लावूनच डोंगर चढणं आणि मग उतरणं; त्यासाठीच्या पिन बाइंडिंगमध्ये बूट पुढे-मागे छोट्या पिनांनी स्कीला अडकतो. रेस प्रकारच्या पिन बाइंडिंगचा हील पीस, म्हणजे टाच धरणारा भाग, सहसा चार स्क्रूंनी थेट स्कीवर बसतो आणि एकदा बसला की मागेपुढे सरकत नाही. वजन वाचतं ते यामुळेच. पण बूट बदलला आणि नव्याच्या सोलची लांबी पाच मिमीनेही वेगळी निघाली, तर जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. ॲडजस्टमेंट प्लेट हील पीसखाली बसते आणि त्याला साधारण २० ते ३० मिमी सरकायला जागा देते. खरेदी करताना आपण वजनाचे आकडे ताडून बघतो; खरं तर आधी मिलिमीटर बघायला हवेत.

सुरुवात बुटांपासून करा. साइझ नको, सोलची लांबी हवी; ती बहुतेक शेलवर, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक कवचावर, टाचेजवळ कोरलेली असते, उदाहरणार्थ २९७ मिमी. अर्ध्या साइझला बहुधा शेल तेच राहतं, पूर्ण साइझमागे साधारण नऊ-दहा मिमी वाढतात. मात्र दोन कंपन्यांचे २७.५ साइझचे बूट सारख्याच लांबीचे असतील, असं धरून चालू नका. त्या स्कीवर जे जे बूट चढणार आहेत, त्यांतल्या सर्वांत लांब सोलमधून सर्वांत आखूड वजा करा आणि दोन्ही टोकांना दोन-तीन मिमी मोकळे ठेवा. २८७ आणि ३०६ मध्ये फरक १९ मिमी. २० मिमीची प्लेट कागदावर पुरते, पण भोकं एका मिमीने इकडेतिकडे झाली की दोनांपैकी एक बूट बसत नाही. इथे ३० चीच घ्या.

प्लेटने फक्त टाच सरकते, टो पीस (बुटाचं पुढचं टोक धरणारा भाग) जागच्या जागीच राहतो. म्हणून २० मिमी आखूड बूट लावला की बुटाचा मध्य १० मिमी पुढे जातो. टूरिंगला एवढं बहुतेकांना चालतं. त्याहून जास्त फरक असेल तर टो पीसची जागा दोन्ही बुटांच्या मधोमध पडेल अशी ठरवा. दोघांत एकच स्की वापरायची असेल तर आणखी एक अडचण आहे. पडल्यावर बूट वरच्या दिशेने सुटायला लागणारा जोर अनेक रेस हीलमध्ये स्प्रिंगवर कायमचा ठरलेला असतो. प्लेट बूट जुळवते, तो जोर बदलत नाही. ५५ किलोच्या आणि ८५ किलोच्या माणसाला एकच हील देणं म्हणजे दोघांपैकी एकाचा गुडघा पणाला लावणं.

बूट एकच असेल आणि बदलायचा विचारही नसेल तर प्लेट घेऊच नका.

आता जाडी. प्लेट जितकी जाड, तितकी टाच उंच, आणि मागच्या पिना पुढच्या पिनांपेक्षा वर जातात. २८५ मिमीच्या सोलखाली टाच ५ मिमी वर गेली तर बूट जवळपास एक अंश पुढे झुकतो. उतारावर मांड्या लवकर भरून येतात त्यामागे कधी कधी एवढंच असतं. उपाय म्हणजे टो पीसखाली तितक्याच जाडीची शिम, म्हणजे उंची वाढवणारी चकती. पण मग पुढचे स्क्रूही तेवढे लांब लागतात, आणि स्की क्रॅम्पॉनचे (चढावर घसरू नये म्हणून टो पीसला लावायच्या दातेरी पट्टीचे) दात ५ मिमी कमी रुततात. कडक बर्फाच्या चढावर हे नक्की जाणवतं. म्हणून दोन प्लेटमध्ये दहा ग्रॅमचा फरक असेल आणि जड असलेली पातळ असेल, तर आम्ही डोळे झाकून पातळ घेऊ.

प्लेटच्या वरची भोकं तुमच्या हील पीसशी जुळतात का, हे मॉडेलच्या नावानिशी तपासा. प्लम, एटीके, डायनाफिट यांच्या हीलची भोकं एकसारखी नसतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. खालची भोकं जितकी रुंद पसरलेली, तितकं बरं. रेस हीलचे चार स्क्रू अगदी जवळजवळ असतात आणि हलक्या गाभ्याच्या स्कीतून उपटून येण्याचा धोका असतो. रुंद प्लेट तो ताण वाटून घेते. ब्रेक लावायचा असेल तर त्याला जागा उरते का, हेही आत्ताच बघा.

स्क्रू हातात घेऊन मोजा. प्लेटमध्ये घातल्यावर खाली किती मिमी बाहेर येतो, तेवढाच तो स्कीत जाणार. आठ-नऊ मिमी ठीक. दहाच्या वर गेला तर स्कीच्या तळावर फुगवटा येतो, सातच्या खाली पकड राहत नाही.

बसवताना आधी टो पीस, मग त्यात बूट अडकवून हीलची जागा. स्कीची मधली रेघ दोन्ही कडांपासून मोजून काढा, डोळ्यांनी नको. हील पीस प्लेटच्या रेलच्या (ज्यावर तो सरकतो त्या पट्टीच्या) टोकाला नाही, तर तुमच्या बुटांच्या हिशेबाने ठेवून प्लेटची भोकं आखा. ड्रिल बिट स्कीवर छापलेलं असतं तेच: बहुधा ३.५ × ९ (व्यास × खोली, मिमीत), धातूचा थर असेल तर ४.१ × ९. बिटला खोलीची कॉलर (ठरल्यापेक्षा खोल जाऊ न देणारं कडं) लावाच. जुनी भोकं असतील तर प्लग आणि एपॉक्सीने बुजवा, आणि नवं भोक त्यांच्यापासून निदान एक सेंटीमीटर दूर घ्या. भोकाची कड किंचित उतरवा, नाहीतर स्क्रू पिळताना वरचा थर उचलला जातो आणि प्लेट सपाट बसत नाही. भोकात एपॉक्सी किंवा पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद, मग पोझिड्राइव्ह ३ पेचकसाने हातानेच पिळा. फिलिप्स वापरलात तर स्क्रूचं डोकं खाल्लं जातं. रात्रभर वाळू द्या.

हील पीस आणि बुटाची टाच यांतली फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. जुन्या डायनाफिट टीएलटी स्पीडला आणि बऱ्याच रेस हीलना ४ मिमी. स्की वाकली की ही फट मिटते. ती कमी ठेवली तर टाच हीलवर दाबली जाते आणि सुटण्याचं गणित बिघडतं. जास्त ठेवली तर पिना पुरेशा आत जात नाहीत आणि बूट भलत्या वेळी निसटतो. दोन्ही स्की वेगवेगळ्या मोजा. एकीवर बरोबर आली म्हणजे दुसरीवरही आली, असं नसतं.

हील पीस आणि प्लेट जोडणाऱ्या धातूच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा; लाकडात जाणाऱ्यांना नको. लॉक करणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला आहे, हील मागे सरकत आहे. पहिल्या टूरनंतर आणि मग अधूनमधून ती बघत जा. खिशात त्या स्क्रूचं बिट आणि दोन जादा स्क्रू ठेवा. गुलमर्गला किंवा मनालीच्या वर जाणार असाल तर ते तिथल्या बाजारात मिळतील या भरवशावर राहू नका.