स्विचवरचा खेळ रेकॉर्ड करताना चित्र आणि आवाज कसे जुळवावेत

निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवरचे कॅप्चरचे बटण दाबून धरले की शेवटच्या ३० सेकंदांची क्लिप ७२०पी दर्जात साठवली जाते. संपूर्ण डाव हवा असेल, तर कॅप्चर कार्ड (कन्सोलचे चित्र आणि आवाज संगणकात घेणारे उपकरण) आणि संगणक लागतोच. पुढील कृती २०१७चा मूळ स्विच आणि २०२१चे ओएलईडी मॉडेल यांच्यासाठी आहे. स्विच लाइटमधून टीव्हीकडे चित्र जातच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कार्डावर पैसे घालवू नयेत.

कार्डाच्या खोक्यावरील ‘४के’ या अक्षरांना भुलू नये. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून मी आणलेल्या पहिल्या कार्डावरही ती होती, आणि ते यूएसबी २.०चे निघाले. १०८०पी दर्जाचे, सेकंदाला ६० फ्रेमचे असंकुचित चित्र सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट जागा मागते, तर यूएसबी २.०ची कागदावरची मर्यादाच ६० आहे. म्हणून असे कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून, म्हणजे संकुचित करून, पाठवते आणि वेगवान दृश्यांत चौकोन दिसू लागतात. यूएसबी ३.०चे आणि टीव्हीसाठी वेगळे एचडीएमआय आउट असलेले कार्डच घ्यावे.

१. डॉकची (स्विच टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडची) एचडीएमआय केबल कार्डात, कार्डातून दुसरी टीव्हीला आणि यूएसबी केबल संगणकाला जोडावी. खेळताना टीव्हीकडेच पाहावे, कारण संगणकावरचे चित्र उशिरा पोहोचते.

२. स्विचच्या सेटिंगमध्ये टीव्हीचे रिझोल्यूशन १०८०पी आणि आवाज स्टिरिओ ठेवावा.

३. ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस म्हणून जोडावे.

४. आता आवाज. येथे बहुतेक जण अंदाजाने दोनशे मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट (आवाज चित्राच्या मागे-पुढे सरकवणारा आकडा) लावून मोकळे होतात, आणि मीही तेच केले होते. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने सिडकोतल्या आमच्या घरी पावणेदोन तास खेळलेला डाव सुरुवातीला नीट जुळलेला होता, पण शेवटी उडी आधी दिसत होती आणि तिचा आवाज मागाहून येत होता. तो डाव पुन्हा खेळता येणार नव्हता.

म्हणून आधी फरक कायम आहे की वाढता, हे तपासावेच. दहा मिनिटे रेकॉर्ड करावे आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटात खेळाच्या मेनूत कर्सर हलवावा. व्हिडिओ एडिटरमध्ये कर्सर सरकलेली फ्रेम आणि ‘टिक’ आवाजाची लाट यांतील अंतर मोजावे. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, अर्थात सहा फ्रेम म्हणजे १००. दोन्ही ठिकाणी अंतर सारखेच असेल, तरच ऑफसेट लावावा: आवाज आधी येत असेल तर अधिक आकडा, मागाहून येत असेल तर उणे.

अंतर वाढत असेल, तर ऑफसेटला हातही लावू नये. त्याने केवळ बिघाडाची जागा सरकते. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, पाहावा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये कार्डासमोर आणि ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झच हवा. माझ्याकडे एकीकडे ४४.१ राहिला होता. बदलानंतर ओबीएस बंद करून पुन्हा उघडावे आणि दहा मिनिटांची चाचणी नव्याने घ्यावी.

५. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारातच करावे. नाशिकला पावसाळ्यात वीज सांगून जात नाही, आणि मध्येच तुटलेली साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, तर एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. एमपी४ हवी असल्यास ओबीएसच्या फाइल मेनूतील रिमक्स या फाइल-प्रकार बदलण्याच्या सोयीने ती नंतर करून घ्यावी.