कुंझुमचा बर्फ कापला म्हणजे रस्ता तयार झाला? स्पितीला गाडी नेताना या चुका टाळा

मुंबई-पुण्याहून हिमाचलमधल्या स्पितीला निघणाऱ्यांचं वेळापत्रक शाळेच्या सुट्टीवर ठरतं. लाहौलमधून स्पितीत जाताना लागणाऱ्या कुंझुम खिंडीचं वेळापत्रक मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये किती बर्फ पडला आणि किती हिमस्खलनं झाली, त्यावर ठरतं. या दोन्हींचा मेळ दरवर्षी बसतोच असं नाही. मनाली–ग्रम्फू–बातल–काझा रस्त्यावर अडकलेल्या गाड्या पाहिल्या, तर ड्रायव्हर कच्चा होता असं क्वचितच दिसतं. हिवाळ्यानं रस्त्याचं काय करून ठेवलंय, याचा अंदाज चुकलेला असतो.

"लाहौल सुरू आहे, मग पुढचंही असेल"

ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून हा गैरसमज वाढलाय. बोगद्यामुळे सिस्सू, केलाँग हिवाळ्यातही बऱ्यापैकी गाठता येतं. पण कोकसरवरून ग्रम्फूला येऊन तुम्ही चंद्रा नदीच्या वरच्या खोऱ्यात वळलात, की बोगद्याचा फायदा तिथेच संपला. पुढे साडेचार हजार मीटरच्या वरचा कुंझुम आहे. तो साधारण मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघडतो आणि भरपूर बर्फाच्या वर्षी त्याहून उशिरा. चंद्रताल सरोवराचा फाटा बहुतेक वेळा त्याच्याही मागून मोकळा होतो.

'बीआरओनं (सीमा रस्ते संघटनेनं) रस्ता उघडला' ही बातमीसुद्धा नीट वाचायची असते. यंत्रं दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येऊन भेटली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पर्यटकांच्या गाड्या सोडायच्या का, कुठल्या सोडायच्या, एका वेळी एकाच दिशेनं सोडायच्या का, हे प्रशासन त्यानंतर ठरवतं. 2023 मध्ये मनाली–लेह मार्ग 25 मार्चलाच उघडला होता. म्हणून मार्चअखेर कुणीही कुठलीही गाडी काढावी, असं त्यातून निघत नाही. फोनवरच्या नकाशाला यातलं काहीच कळत नाही. लाहौल-स्पिती पोलीस आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना रोज पाहा. हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था जाहीर करते, तीही बघून ठेवा.

पडलेला बर्फ आणि कोसळलेला बर्फ एकच समजणं

आभाळातून पडलेला ताजा बर्फ भुसभुशीत असतो. तोच उतारावरून कोसळून खाली थांबला, की दबून घट्ट होतो आणि थोड्याच वेळात सिमेंटसारखा आवळतो. त्यात दगड, माती, कुठे झाडांचे बुंधे अडकलेले असतात. साधा बर्फ ढकलणारं यंत्र इथे सहज चालत नाही, आधी फोडावं लागतं. म्हणून आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असतात आणि एखाद्या नाळेच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या घळीच्या, तोंडाशी मात्र मळकट, काळपट बर्फाचा ढीग जूनच्या अखेरीसही तसाच असतो.

या जागा ओळखता येतात. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात आणि वर्षानुवर्षं त्याच नाळांमधून खाली येतात. कोकसर-सिस्सूकडे झाडं आहेत. तिथे झाडीमधला सरळ उभा मोकळा पट्टा किंवा उताराकडे वाकलेले बुंधे पाहा. बातलकडे झाडंच नाहीत, तिथे नाळेखाली पंख्यासारखा पसरलेला राडारोडा शोधायचा. अशा ठिकाणी चहा नको, फोटो नको, लघवीलासुद्धा थांबायचं नाही. समोर ट्रॅफिक तुंबलं असेल, तर रांगेत घुसण्याऐवजी नाळेच्या अलीकडे, वर मोकळा उतार नसलेल्या जागी गाडी उभी करा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्ननं हिमकडा कोसळतो हा समज चुकीचा आहे. कारणं असतात ताजा जड बर्फ, वाऱ्यानं एका बाजूला साचवलेला बर्फ आणि अचानक वाढलेलं तापमान. म्हणून जोरदार बर्फवृष्टीनंतर स्वच्छ ऊन पडलं की लगेच निघायचा मोह होतो, पण तोच दिवस वाईट. एक-दोन दिवस जाऊ द्या.

बर्फ कापून केलेल्या उंच भिंतींचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात. दुपारच्या उन्हात या भिंती पायथ्याशी पोखरल्या जातात आणि वरचा छज्जा लटकत राहतो. त्याला टेकून उभं राहायची जागा नाही ती. तसंच नाल्यावर साचलेल्या बर्फाच्या पुलाचं. खालून पाणी वाहतंय, जाडी वरून कळत नाही, त्यावर पाऊलही ठेवू नका.

नाल्यावर दुपारी पोहोचणं

ग्रम्फू ते बातल हा साधारण 50 किलोमीटरचा तुकडा चार-पाच तास सहज खातो. मनालीत निवांत नाश्ता करून दहाला निघणारे छतडू, छोटा दडाच्या पुढचे नाले गाठतात ते नेमके भर दुपारी, बर्फ जोरात वितळत असताना. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याच्या वर जातं आणि रात्रीच्या थंडीत पुन्हा उतरतं. खूप बर्फ पडलेल्या वर्षी हे जुलैपर्यंत चालतं. त्यामुळे उजाडताना निघा. मात्र सावलीतल्या वळणांवर ब्लॅक आइस, म्हणजे सहज न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो, तिथे पहिला तास हळू.

नाल्यात उतरण्याआधी इंजिन चालू ठेवून खाली उतरा आणि दोन मिनिटं बघा. एखादा ट्रक किंवा स्थानिक पिकअप जाऊ द्या. त्याची चाकं कुठे बुडतात, कुठे उसळतात ते लक्षात ठेवा. गढूळ पाण्यातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर थांबा, नाल्याचा तळ हलतोय. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्येच क्लच दाबायचा नाही. बाइकवाल्यांनी मागे बसलेल्याला आधी उतरवावं.

गाडी पाण्यात बंद पडली तर हात आपोआप स्टार्टरकडे जातो. तो आवरा. हवा ओढणाऱ्या इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी दोर लावून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर मेकॅनिकशिवाय किल्ली फिरवू नका.

रस्त्याच्या कडेवर भरवसा

हिवाळाभर बर्फाचा भार, फटींत गोठून फुगणारं पाणी, वर तुंबलेल्या मोऱ्या. यानं दरीकडची कड आतून पोकळ होते, वरून मात्र शाबूत दिसते. समोरून गाडी आली की दरीकडे चाक घालू नका. रुंद जागेपर्यंत मागे घ्या. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते.

फोर बाय फोरची मिजास

चारही चाकांना ताकद मिळाल्यानं गाडी निघते छान, थांबत नाही. बर्फावर ब्रेक लावताना फोर बाय फोर आणि साधी गाडी सारखीच घसरते. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायच्या, तेही अडकण्याआधी, सपाटीवर. घरी एकदा लावून पाहिल्या नसतील तर गारठलेल्या बोटांनी त्या तिथे लागत नाहीत.

आणखी काही घोळ महाराष्ट्रातूनच सोबत जातात. कूलंट कमी दिसलं की गॅरेजमध्ये साधं पाणी ओततात. इथे चालतं, तिथे रात्री गोठतं. निघण्याआधी सगळं काढून कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या. वायपरच्या बाटलीतल्या पाण्याचंही तेच. खालून भरून नेलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. वर गेल्यावर तिथल्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, ते याच कारणासाठी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दगड.

बर्फात अडकून हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं असेल, तर दर थोड्या वेळानं सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मे महिन्यातच जायचंय?

मग शिमला–किन्नौर–नाको–ताबोवरून काझाला जा. तो रस्ता बर्फाच्या काळातही बराचसा चालू असतो, मधूनच दरडी येतात तेवढ्याच. उंचीही हळूहळू वाढते, त्यामुळे डोकंही कमी धरतं. काझाहून कुंझुमच्या अलीकडच्या लोसार गावापर्यंत जाऊन चौकशी करा. खिंड उघडली असेल तर मनालीकडे उतरा, नसेल तर आल्या वाटेनं परत. परतीच्या विमानाचं किंवा ट्रेनचं तिकीट काढताना दोन दिवस हातचे ठेवा.