लिंक्डइनचा तास घेणाऱ्या नव्या ग्रंथपालांसाठी

"मुलांना लिंक्डइन शिकवणं हे प्लेसमेंट सेलचं काम, ग्रंथालयाचा काय संबंध?" हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागणारच. मला तो अजूनही लागतो. पण एखाद्या विषयावर कोण काम करतंय, कुणाबरोबर लिहितंय, त्यांचं म्हणणं कितपत भरवशाचं, हे शोधायला महाविद्यालयात आपणच शिकवतो ना? शोधनिबंधाच्या संदर्भसूचीतून लेखक, त्याच्या गूगल स्कॉलर प्रोफाइलवरून सहलेखक आणि मग लिंक्डइन, ही वाट ग्रंथपालाच्या पायाखालची आहे. तेव्हा संकोचू नका.

खातं कसं उघडायचं हे मुलांना येतं, त्यात तास घालवू नका. ते कोणत्या ईमेलवर उघडलंय हे मात्र आधी विचारा. कॉलेजचा ईमेल शिक्षण संपल्यावर बऱ्याच ठिकाणी बंद होतो. माझा झाला, आणि त्यावर काढलेलं ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक) हातचं गेलं. पासवर्ड बदलायची लिंक जाणार त्याच बंद पत्त्यावर. मग माणूस वैतागून दुसरं ऑर्किड काढतो आणि खरा घोळ तिथून सुरू होतो: जुने निबंध एका क्रमांकावर, नवे दुसऱ्यावर. २०१२ मध्ये ही १६ अंकी ओळख सुरू झाली तीच मुळी एका संशोधकाला एकच कायमचा क्रमांक असावा म्हणून. उपाय सोपा आहे. ऑर्किडला आणि लिंक्डइनला एकाहून जास्त ईमेल जोडता येतात. वैयक्तिक पत्ता मुख्य ठेवायचा, कॉलेजचा जोडीला. स्कॉलरचं प्रोफाइल वैयक्तिक गूगल खात्यातून काढायचं, कॉलेजचा ईमेल फक्त पडताळणीपुरता द्यायचा. "घरी जाऊन करा" म्हणू नका, कुणी करत नाही. समोर बसवून, दोन्ही पत्ते पडद्यावर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटच्या सत्रातली मुलं आधी गाठा. कुणाचे दोन क्रमांक झालेच असतील तर घाबरवू नका. दोन्ही खाती उघडत असतील तर जादा नोंद सेटिंगमधून काढता येते आणि तो क्रमांक टिकवलेल्या नोंदीकडे वळतो. खातं उघडतच नसेल तर ऑर्किडच्या मदतकक्षाला लिहायचं.

मग पहिला संदेश. एका विद्यार्थिनीने एका संशोधकाला लिहिलं होतं, "सर, मला मार्गदर्शन करा." आम्ही दोघींनी बसून तो बदलला: "आपल्या निबंधात रात्रशाळा नमुन्यातून वगळल्या आहेत. माझा प्रबंध याच विषयावर आहे. वगळण्यामागचं कारण कळेल का?" यावर उत्तर आलं. एआयने लिहून दिलेले गुळगुळीत संदेश मला अजिबात पटत नाहीत. निबंध वाचलेला नाही हे त्यात पहिल्या ओळीलाच कळतं.

"आमची कुणाशी ओळखच नाही," असं म्हणणाऱ्या मुलांना धीर द्या. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यातही बेताच्या ओळखीच अधिक उपयोगी ठरल्या. म्हणून ५०० जोडण्यांच्या मागे धावायचं, असं मात्र नाही.

रिसर्चगेटवर, म्हणजे संशोधक आपले निबंध टाकतात त्या संकेतस्थळावर, प्रकाशकाची पीडीएफ चढवू देऊ नका. निबंधाची कोणती प्रत कुठे टाकता येते याचं नियतकालिकाचं धोरण आधी ओपन पॉलिसी फाइंडरवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) बघायला लावा. याच कारणावरून २०१७ मध्ये एल्सेव्हियर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी रिसर्चगेटला कोर्टात खेचलं होतं.

ज्येष्ठांकडून शिकायचं तर मुलांचे मसुदे तुमच्याबरोबर वाचायला बसणारा ज्येष्ठ शोधा. नुसत्या स्लाइड्स पाठवणाऱ्यांचा फार उपयोग होत नाही.

आणि कुणाला सार्वजनिक प्रोफाइल नको असेल तर आग्रह धरू नका. कारणं घरची असतात, सुरक्षेची असतात, सगळीच सांगण्यासारखी नसतात. गुण द्यायचेच असतील तर निबंधावरून माणूस कसा शोधला, याच्या लेखी नोंदीला द्या. ती खातं न उघडताही करता येते.