इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी बी-स्कूल निवडताय? रँकिंगआधी कॅलेंडर बघा आणि या चुका टाळा

प्रवेश पक्का होतो, कर्ज मंजूर होतं, कधीकधी तर वर्गही सुरू होतात, आणि मग काही जणांच्या लक्षात येतं की आपल्या अभ्यासक्रमात समर इंटर्नशिपला जागाच नाही. निवडीतल्या बाकीच्या चुका थोड्याफार निस्तरता येतात. ही मात्र फार महागात पडते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका (कंपन्यांना भांडवल उभारायला आणि दुसऱ्या कंपन्या विकत घ्यायला-विकायला मदत करणाऱ्या; या व्यवहारांनाच ‘डील्स’ म्हणतात) एमबीए झालेल्यांना असोसिएट या पदावर घेतात, आणि ही भरती मुख्यतः इंटर्नशिपमधूनच होते. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएत क्रम साधारण असा असतो: ऑगस्टमध्ये वर्ग भरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बँकांची प्रेझेंटेशन्स आणि बँकर्सशी कॉफी चॅट (ओळखीपाळखीच्या अनौपचारिक भेटी) सुरू होतात, जानेवारीच्या आसपास मुलाखती होतात (काही बँका त्याही आधी उरकतात) आणि उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे बँकेत काम. ते पसंत पडलं तर तिथेच कायमच्या नोकरीची ऑफर मिळते. दुसऱ्या वर्षी थेट भरायच्या जागा थोड्याच उरतात. म्हणजे नीट रुळायच्या आतच तुमची निवड सुरू झालेली असते.

आता हेच कॅलेंडर हातात धरून अभ्यासक्रम तपासा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये ऑगस्टला प्रवेश घेणाऱ्यांना इंटर्नशिपचा उन्हाळा मिळतो. जानेवारीत येणारे सोळा महिन्यांत पदवी घेतात, पण त्यांना तो उन्हाळा मिळत नाही. पदवी तीच, कॉलेज तेच, वाट मात्र वेगळी. फ्रान्समधल्या इन्सीड या बी-स्कूलचं याच्या उलट आहे. दहा महिन्यांच्या त्या अभ्यासक्रमात जानेवारीच्या तुकडीला मधे उन्हाळी सुट्टी असते, ऑगस्ट-सप्टेंबरच्या तुकडीला नसते. तुम्ही आधीपासून फायनान्समध्ये असाल तर छोटा अभ्यासक्रम चालून जाईल. इंजिनिअरिंग, मार्केटिंग किंवा आयटीतून वळत असाल, तर इंटर्नशिप नसलेली तुकडी घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन.

दुसरी चूक रँकिंगची. फायनान्शियल टाइम्सची एमबीए यादी पदवीनंतर तीन वर्षांनीचा पगार, पगारातली वाढ, प्राध्यापकांचं संशोधन, विद्यार्थ्यांतली विविधता असं बरंच काही एकत्र करून क्रमांक लावते. तिचा उपयोग आहेच. पण कोणत्या बँका या कॉलेजात येऊन मुलाखती घेतात, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. स्टॅनफर्डचं नाव फार मोठं, तरी तिथून इन्व्हेस्टमेंट बँकिंगकडे वळणारे मोजकेच. फायनान्समध्ये जाणाऱ्यांचा ओढा प्रायव्हेट इक्विटी (कंपन्या विकत घेणारे गुंतवणूक फंड) आणि व्हेंचर कॅपिटलकडे (स्टार्टअप्समध्ये पैसे घालणारे फंड) जास्त. न्यूयॉर्कमधलं स्टर्न मात्र वॉल स्ट्रीटच्या बँकांना वर्षानुवर्षं माणसं पुरवत आलंय. व्हार्टन, बूथ, कोलंबिया यांचंही फायनान्समधलं नाव जुनं आहे.

क्रमांक बाजूला ठेवून कॉलेजचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांना कुठे नोकऱ्या लागल्या याचा अहवाल, उघडा, आणि सावकाश वाचा. ‘फायनान्शियल सर्व्हिसेस’ हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यात ॲसेट मॅनेजमेंट, प्रायव्हेट इक्विटी, फिनटेक, बँकेतली इतर कामं असं सगळंच येतं. इन्व्हेस्टमेंट बँकिंगची वेगळी ओळ शोधा. टक्केवारी कशाची आहे तेही बघा. ती बहुधा नोकरी शोधणाऱ्यांपैकी असते, सगळ्या वर्गापैकी नसते. जुन्या कंपनीत परतणारे किंवा स्वतःचा धंदा सुरू करणारे त्यातून वगळलेले असतात.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आकडा कुठल्याच रिपोर्टमध्ये छापलेला नसतो. सप्टेंबरमध्ये किती जण बँकिंगच्या मागे लागले आणि त्यातल्या किती जणांना इंटर्नशिप मिळाली? चाळीसपैकी तीस आणि शंभरपैकी तीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रिपोर्टमध्ये दोन्हीकडे तीसच दिसतात. फायनान्स क्लब चालवणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे सरळ विचारा. बहुतेक जण प्रामाणिकपणे सांगतात, कारण वर्षभरापूर्वी तेही याच काळजीत होते.

जागेचाही विचार हवा. बँक नुसती ‘बँकेसाठी’ माणूस घेत नाही, ठरावीक ऑफिससाठी घेते. तेल आणि ऊर्जा क्षेत्रातल्या डील्समध्ये काम करायचं असेल तर ह्यूस्टनच्या ऑफिसांसाठी ऑस्टिनचं मॅककॉम्ब्स किंवा ह्यूस्टनचंच राइस सोयीचं. लंडनमध्ये राहायचं असेल तर लंडन बिझनेस स्कूलचे माजी विद्यार्थी त्याच शहरात भेटतात.

एमबीएच हवं, असंही नाही. अनुभव एखाद-दुसऱ्या वर्षाचाच असेल तर फायनान्समधली मास्टर्स पदवी जास्त योग्य ठरू शकते. त्यातून सहसा ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे असोसिएटच्या एक पायरी खालून सुरुवात होते, आणि त्या वयात त्यात काहीच कमीपणा नाही.

परदेशी विद्यार्थ्यांनी व्हिसा आधी तपासावा. अमेरिकेत पदवीनंतर साधारणपणे १२ महिने काम करता येतं. अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. काही कॉलेजांत संपूर्ण एमबीए स्टेममध्ये येतं, काहींत फक्त ठरावीक मेजर. आणि कर्जाचा हिशेब बँकरच्या पगारावर मांडू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच वरच्या कॉलेजांची नुसती ट्यूशन फीच वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जाते. बँकिंग हुकलं आणि दुसरी नोकरी घ्यावी लागली, तरी हप्ता झेपेल का, हे आजच कागदावर मांडून बघा.

चूक आधीच झाली असेल तर?

तुकडी चुकीची निवडली असेल तर डिपॉझिट भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा की प्रवेश दुसऱ्या तुकडीत हलवता येईल का. नकार आलाच, तरी विचारण्यात तुमचं काही जात नाही.

कॉलेजात मोठ्या बँका येत नसतील तर वर्ग सुरू होण्याआधीच अकाउंटिंग, तीन स्टेटमेंट्सची (नफा-तोटा, ताळेबंद, रोख प्रवाह) जोडणी आणि डीसीएफ (भविष्यातल्या रोख प्रवाहावरून कंपनीचं मूल्य काढायची पद्धत) पक्कं करून ठेवा, आणि माजी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातच लिहायला लागा. कॅम्पस भरतीबाहेरून येणाऱ्याला ओळखी स्वतःच कराव्या लागतात, त्याला वेळ लागतो.

जानेवारीच्या मुलाखती हुकल्या असतील तर बुटीक, म्हणजे छोट्या, मोजक्याच कामांच्या इन्व्हेस्टमेंट बँकांकडे वळा. त्यांची भरती बऱ्याचदा उशिरा, गरजेनुसार होते. तिथेही जमलं नाही, तर मोठ्या अकाउंटिंग फर्मचा ट्रान्झॅक्शन किंवा व्हॅल्युएशन विभाग, नाहीतर एखाद्या कंपनीची कॉर्पोरेट डेव्हलपमेंट टीम (त्या कंपनीसाठी खरेदी-विलीनीकरणाची कामं पाहणारी) गाठा. रोजचं काम डील्सचंच असतं, आणि तिथला अनुभव घेऊन वर्ष-दोन वर्षांनी बँकेत शिरलेले लोक आहेत.