जुन्या पॉइंट टू-टूला मानवलेली गोळी

हरणाची शिकार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने (1972) बंद आहे, आणि ती बंदच राहावी. म्हणून वडिलांची जुनी पॉइंट टू-टू (.22) रायफल मी पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर कागदी टार्गेटवरच चालवतो.

50 मीटरवर गोळ्या विखुरायला लागल्या. ‘नळी झिजली, विकून टाक,’ सगळे म्हणाले. मला पटेना, कारण 25 मीटरवर तीच रायफल भोकात भोक पाडत होती.

खोट गोळीत होती. मी वापरत होतो ती हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) गोळी सेकंदाला साधारण 380 मीटर वेगाने सुटते. आवाजाचा वेग 340च्या आसपास. 50 मीटरच्या आतच ती त्याच्याखाली उतरते आणि उतरताना डगमगू शकते. आणि टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं!

मग तेवढ्याच, 40 ग्रेन (सुमारे 2.6 ग्रॅम) वजनाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी घेतली. ती पहिल्यापासूनच आवाजापेक्षा मंद. नळी पुसली. पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरल्या नाहीत, नव्या गोळीचं मेण नळीत बसावं लागतं. झिरोही, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी लागावी अशी साइटची जुळणी, पुन्हा जुळवला, कारण मंद गोळी जास्त खाली पडते. आता सगळी भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात.

गोळ्यांच्या खोक्यावरचा लॉट नंबर (एकाच वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा. परवान्यात बसतील तेवढी खोकी त्याच लॉटची घ्या. लॉट बदलला की तीच गोळी वेगळी वागू शकते.