ऑपरेशनआधी टक्के नको, माणसं विचारा

मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात दवाखाने बघताना सगळे इन्फेक्शन रेट टक्क्यात सांगत होते, मामीला काहीच कळेना.

१. सरळ विचारा, गेल्या वर्षी अशी किती ऑपरेशनं केली आणि त्यातल्या किती जणांची जखम चिघळली. २ टक्के म्हणजे ५० जणांत १, हे लगेच कळतं.

२. घरी गेल्यावर चिघळलेले धरलेत का तेही विचाराच, कारण कृत्रिम सांधा बसवला की आतलं इन्फेक्शन ९० दिवसांपर्यंत मोजतात, आणि नुसते डिस्चार्जपर्यंतचे मोजले तर आकडा आपोआप कमीच दिसणार ना.

३. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था, तिच्या सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख बघा.

फक्त एक लक्षात ठेवा, मोठ्या हॉस्पिटलात अवघड पेशंट जास्त येतात, त्यामुळे आकडा थोडा जास्त दिसला म्हणून लगेच वाईट ठरवू नका.