पाण्याचे प्रयोग मुलांकडून करून घेताना या चुका टाळा

पावसाळ्यात "पाणी किती फुटांवर आलं?" हा प्रश्न सांगलीतल्या दुसरीतल्या पोरालाही पाठ असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हेही त्याला माहीत असतं. अशा मुलांना पाण्याचा दाब, प्रवाह आणि तरंगणं शिकवायला फारसं सामान लागत नाही. तरीही वर्गात प्रयोग फसतात, आणि बहुतेक वेळा ते आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, घाईनं फसतात.

सर्वांत मोठी चूक तीन भोकांच्या बाटलीत होते. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली भोक पाडायचं, पाणी भरायचं आणि "खोलीबरोबर दाब वाढतो, म्हणून खालची धार सर्वांत लांब पडते" असं सांगायचं. मीही फळ्यावर तशीच आकृती काढली होती. बाटली टेबलावर ठेवून भोकांवरची बोटं काढली, तर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मधलीच लांब गेली की!" "नीट बघ," म्हणून मी पुढं गेले. ती नीटच बघत होती. संध्याकाळी घरी मोरीत बाटली घेऊन बसले तेव्हा मला ते दिसलं.

खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोरात येतं हे खरंच आहे. पण ते भोक टेबलाला इतकं जवळ असतं की लांब जाण्याआधीच धार खाली टेकते. पाण्याची पातळी २० सेंटिमीटर आणि भोकं ५, १० व १५ सेंटिमीटरवर असतील, तर हिशोबानं मधली धार २० सेंटिमीटरवर पडते, वरची आणि खालची मात्र दोन्ही साधारण १७ वर. तीच बाटली दीड फुटी स्टुलाच्या कडेला ठेवा आणि धारा जमिनीवर पडू द्या. आता खालचीच सर्वांत लांब जाते. दोन्ही मांडण्या करून दाखवा, आणि बोटं काढण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज घ्या.

भोकं एकाखाली एक पाडली तर धारा एकमेकींत मिसळतात, म्हणून ओळ तिरकी धरा. भोक तापवलेल्या खिळ्यानं पाडा, आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. कड खरबरीत राहिली की धार बाटलीला चिकटून ओघळते. टोपण काढलेलंच हवं, नाहीतर वरच्या भोकातून पाणी यायच्या ऐवजी हवा आत शिरते. पातळी उतरली की अंतरं बदलतात, त्यामुळं एका मुलाला तांब्यानं पाणी ओतत बसवा. हे काम मिळावं म्हणून भांडणं होतात, तेव्हा पाळी लावा. कोयना धरणाची भिंत खाली इतकी जाड का, हे विचारायची हीच वेळ.

"जड बुडतं, हलकं तरंगतं" असं तर सांगूच नका. स्टीलची वाटी तरंगते आणि तिच्याहून हलका चमचा बुडतो. गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, पाहिलेल्या मुलांना हे चटकन पटतं, कारण पुरात माणसं त्या लोखंडी काहिलीत बसून पलीकडे गेलेली त्यांनी घरी ऐकलेलं असतं. मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड तरंगत नसेल, तर मीठ कमी पडलंय. पेलाभर पाण्याला दोन चमचे पुरत नाहीत, सहा-सात लागतात, आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं लागतं.

वक्रनळी, म्हणजे बादलीतलं पाणी कडेवरून बाहेर खाली काढणारी नळी, चालत नसेल तर नळीत हवा धरलेली असते. नळी बादलीत पूर्ण बुडवून भरा, एका टोकाला अंगठा लावा आणि ते टोक बादलीबाहेर, आतल्या पाण्याच्या पातळीच्या खाली नेऊनच अंगठा काढा. तोंडानं ओढायला मुलांना कधीही शिकवू नका. उद्या तेच पोरगं डिझेलच्या नळीला तोंड लावेल.

पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचं बोट टेकवलं की ती कडेला पळते, हा प्रयोग त्याच ताटात दुसऱ्यांदा होत नाही, कारण ताटात आधीचा साबण उरलेला असतो. ताट खळखळून धुवा, पाणी नवं घ्या.

राहिली ताटातल्या पाण्यात उभी केलेली मेणबत्ती. ती शिक्षकांनीच पेटवायची. वर ग्लास उपडा घातला की ज्योत विझते आणि पाणी आत चढतं. "प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली" हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं, आणि ते चुकीचं आहे. ग्लास घालताना कडेनं बुडबुडे निघतात का ते मुलांना बघू द्या. ती तापून फुगलेली हवा बाहेर पडत असते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, म्हणून पाणी मुख्यतः विझल्यानंतरच भराभर चढतं. ग्लासवर पेनानं खूण करा. मग त्याच ग्लासखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी खुणेच्या वर जातं. ग्लास तोच, आतला प्राणवायूही तेवढाच, मग पाणी जास्त का चढलं, एवढं विचारा आणि थोडा वेळ गप्प राहा.